तिच्या मापाचे बूट

दुकान मुलीच्या हाती सोपवल्यावर चष्मेवाल्याने स्वतःसाठी एकच हट्ट ठेवला होता. रविवारी सकाळी मेहुण्याबरोबर नदीवर जायचं, मांडीभर पाण्यात उभं राहून गळ टाकायचा आणि मासा लागो न लागो, जेवायच्या वेळेला घरी परतायचं. "जन्मभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांकडून अक्षरं वाचून घेतली, आता जरा उजेडात उभा राहू दे," असं तो म्हणायचा. बायको घरीच सोफ्यांची कव्हरं शिवायची. नदीचं तिला काही कौतुक नव्हतं. पण रविवारी नवऱ्याचा चेहरा उजळतो, याचं होतं.

मग थंडीच्या तोंडावर तो नदीत पडला. पायात जुने गमबूट, तळ झिजून पाटीसारखे गुळगुळीत झालेले. शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकला, बुटांत पाणी भरलं आणि पाय उचलेनाच. धारेने त्याला आडवा केला. मेहुणा हाकेच्या अंतरावर होता म्हणून निभावलं. त्याने कॉलर धरून त्याला काठापर्यंत ओढत आणलं. खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही. घरी आल्यावर बायकोने गमबूट दोन बोटांत धरून उचलले आणि सरळ कचऱ्यात टाकले.

त्यानंतर त्याचं नदीवर जाणं थांबलं. मेहुणा फोन करायचा, "भाऊजी, येताय ना? मासे तुमची चौकशी करतायत."

"बूट कुठायत रे? घेतले की येतो."

बूट काही घेतले जात नव्हते. थंडी सरली, ऊन तापायला लागलं. चष्मेवाला दिवसभर बायकोच्या शिलाई मशीनभोवती घोटाळायचा, तिची कात्री भलत्याच जागी ठेवायचा आणि टाके वाकडे पडतायत का ते भिंग लावून पाहायचा. शेवटी एके दुपारी तिने मशीन बंद केलं.

"उठा. आज बूट घ्यायचेच."

"दुपारी कुठे? संध्याकाळी जाऊ."

"उन्हात चालत गेलं की पाय जरा फुगतात, मग माप बरोबर मिळतं. चला."

मासेमारीच्या सामानाचं दुकान बसथांब्यामागच्या गल्लीत होतं. दुकानदारीण ऐसपैस बांध्याची, तरतरीत बाई. तिने आधी त्याला जाड मोजे घालायला लावले. "पाण्यात हेच घालणार ना? मग माप यांच्यावरच घ्यायचं. नेहमीपेक्षा एक नंबर मोठा. पुढे बोटं हलली पाहिजेत, मागे टाच उचलायला नको."

कोपऱ्यात तिने कडेला कठडा असलेली एक उतरती फळी बसवली होती. तिच्यावर नदीतले गोटे घट्ट रोवलेले, वर नळ. नळ सोडला की गोट्यांवरून पाणी वाहायचं. गिऱ्हाइकाने बूट घालून त्यावरून चालायचं.

पहिला जोड दाबलेल्या लोकरीच्या तळाचा होता. दगडावर छान चिकटत होता. पण दुकानदारीण स्वतःच म्हणाली, "हा लवकर वाळत नाही, आणि एका नदीतली घाण दुसऱ्या नदीत नेतो. तुम्ही रबराचा तळ घ्या, खाली दगड धरणारे धातूचे खिळे असलेला."

दुसरा रबराचा. बायकोने तो हातात घेऊन कडेची शिवण नखाने ताणून पाहिली. "एकेरी आहे. दगडाला घासली की उसवली." तो बाजूला गेला.

तिसरा तिला पसंत पडला. दुहेरी शिवण, बोटांवर कडक टोपी, घोट्याला भक्कम आधार, पाणी निघून जायला कडेला भोकं. चष्मेवाला फळीवर एक फेरी मारून खाली उतरला. "जड आहे."

चौथा हलका होता. "घोट्याला टोचतोय." दुकानदारिणीने नाडी सैल करून दिली. "आता टोचत नाही... पण रंग बरा नाही."

"नीट सांगा बरं," बायको म्हणाली. "आधीचा बरा की हा?"

हाच प्रश्न त्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांना विचारला होता. त्याला हसू आलं. तो पुन्हा फळीवर चढला. दुकानदारिणीने नळ जरा मोठा केला. या वेळी बायकोने बुटांकडे पाहिलंच नाही, त्याच्या हातांकडे पाहिलं. बूट दगडांवर पक्के बसले होते. हात मात्र कठड्याला असे आवळले होते, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. कपाळावर घाम होता.

नाचता येईना अंगण वाकडं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि दुकानदारिणीकडे वळली.

"असेच माझ्या मापाचे आहेत का?"

"तुला कशाला?" चष्मेवाला फळीवरूनच ओरडला.

"मला पण पाय आहेत."

"अगं, पण तू कधी पाण्यात..."

"तुम्ही तरी काय, आईच्या पोटातून गळ घेऊन आला होतात?"

दुकानदारीण तिचा जोड आणायला आत गेली. चष्मेवाला हळूच खाली उतरून बाकावर बायकोशेजारी बसला. तो नाडीशी चाळा करू लागला.

"बुटांत काही खोट नाही गं," तो म्हणाला. "मला भीती वाटते. पाण्याचा आवाज ऐकला, की ते पाणी अजून कानात शिरतंय असं वाटतं."

"कळलं मला."

"कधी?"

"रंग बरा नाही म्हणालात तेव्हा. लग्नापासून एकाच रंगाची पँट घालणारा माणूस, तुम्हाला रंगाचं काय हो पडलंय?"

तो इतक्या मोठ्याने हसला, की आतून दुकानदारीण डोकावली. दोघांनी तिसऱ्या नमुन्याचेच बूट घेतले. जड होते, पण टिकणारे होते. नवे बूट पायाला सवयीचे व्हावेत म्हणून ते आठवडाभर घरात घालून वावरले. ती बूट घालूनच शिवायला बसायची. खाली राहणाऱ्या शेजारणीने "वर काय घोडा बांधलाय का?" असं विचारलंच.

रविवारी मेहुणा काठावर वाट पाहत होता. बहिणीच्या पायातले बूट बघून त्याने कपाळावर हात मारला. "ताई, तू? आता माशांचं काही खरं नाही."

चष्मेवाला पाण्याच्या कडेला थबकला. पाय पुढे पडेना. तेवढ्यात बायकोने आधाराची काठी नुसतीच हातात धरून सरळ पाण्यात पाऊल टाकलं, ते नेमकं शेवाळावर.

"अगं, तिथे नको!" तो म्हणाला आणि तिच्या कोपराला धरायला पुढे झाला. "आधी काठी टेकव. आता पाय. उचलू नकोस, तळाला घासत सरकव. धारेकडे पाठ करू नकोस, एक बाजू धारेकडे ठेवून उभी राहा. हां, असं."

तो सांगत गेला, ती ऐकत गेली. सांगता सांगता तो गुडघाभर पाण्यात कधी आला, त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा तो मागे फिरणारच होता. पण तळाच्या खिळ्यांनी दगड धरून ठेवला होता आणि त्याचा हात बायकोने. श्वास जाग्यावर आल्यावर त्याने गळ टाकला. वरच्या अंगाला एक पक्षी पाण्यावर टेकून उडाला.

"एवढंच करायचं असतं?" तिने विचारलं.

"एवढंच."

"बरं आहे की."

सकाळभरात त्याला एकही मासा लागला नाही. मेहुण्याला दोन लागले, आणि त्याने ते दहा लागल्यासारखे मिरवले. काठावर आल्यावर चष्मेवाल्याने मेहुण्याचा खांदा धरला. "त्या दिवशी तू होतास. मी तुला साधं 'बरं झालं' असंही म्हणालो नाही."

"भाऊजी, रडवू नका हो. चष्मा ओला होतो," मेहुणा म्हणाला आणि मासे धुवायला लांब गेला.

सकाळभर काठी आवळून धरल्याने बायकोची बोटं आखडली होती, तिला नाडी सुटेना. चष्मेवाला तिच्यासमोर दगडावर बसला आणि तिचा पाय मांडीवर घेऊन गाठ सोडवू लागला. ओली गाठ घट्ट बसली होती, त्याला घाईही नव्हती.

"तू आलीस म्हणून आलो मी," तो गाठीकडेच बघत म्हणाला. "नाहीतर आयुष्यभर रंगच बघत बसलो असतो."

तिने दुसरा पाय पुढे केला. "हा पण सोडा. आणि घरी जाताना माझ्यासाठी एक गळाची काठी बघू. नुसतं उभं राहून कंटाळा येतो."