फुलदाणीतलं घुमट

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. अंग पितळेचं, म्हणून अंमळ जडच. नार्वे गावच्या शाळेत नवा आलो तेव्हा मुलं माझ्यापुढे रांग लावत. कांद्याची साल, डासाचा पाय, काय काय दाखवलं मी! मग संगणक आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथे कोळ्यांचा शेजार तेवढा होता.

यंदा मुख्याध्यापक मधुकर सरांनी ते कपाट रिकामं करायला काढलं. मी भंगारात जाणार हे ऐकून माझा जीव अर्धा झाला. विज्ञानाच्या तेजस्विनी मॅडम मध्ये पडल्या. विज्ञान दिनाला याला वाजवून दाखवते, नाही वाजला तर खुशाल न्या, असं त्या म्हणाल्या.

त्यांनी मला पुसलं, माझ्या डोळ्याला कॅमेरा लावला आणि तो संगणकाला जोडला. शाळेचा शिपाई शांताराम गावात आरतीला घुमट वाजवतो. त्या मातीच्या वाद्याचे बोल मॅडमनी ध्वनिमुद्रित करून संगणकात भरले. आता पाण्यातला जीव माझ्यासमोरून गेला की संगणकातून घुमटाची थाप ऐकू येई आणि भिंतीवर रंगीत दिवा लागे.

विज्ञान दिन उजाडला. वर्ग पालकांनी भरला. शाळेत जेवण रांधणाऱ्या सुलोचनाबायला मॅडमनी तळ्याचं पाणी आणायला सांगितलं होतं. त्याचा थेंब माझ्याखाली ठेवला. ना थाप, ना दिवा. मी डोळा ताणून पाहिलं, थेंबात चिटपाखरू नव्हतं. मधुकर सरांनी घड्याळ पाहिलं.

"पावण्यांसमोर घाणेरडा पाणी कसा ठेवूचा?" सुलोचनाबाय हळूच म्हणाली. "गाळून, उकळून आणलंय."

तेव्हा शांताराम टेबलावरची फुलदाणी उचलून पुढे आला. तिचं पाणी बदलत नाही म्हणून सर त्याला रोज बोलत.

"ह्या घाला," मान खाली घालून तो म्हणाला. "पंधरा दिस बदलूक नाय."

थेंब पडला आणि काय सांगू! चपलेच्या आकाराचे जीव धावले, गरगर फिरणारे आले. धडाधड घुमट वाजू लागलं, भिंत निळीपिवळी झाली. शांतारामने आपलं खरं घुमट आणून थेंबाला साथ दिली. टाळ्यांचा ठेका मधुकर सरांनी सर्वांत शेवटी धरला, पण मग ते थांबायला तयार होईनात. इतका आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

आता मी खिडकीजवळच्या टेबलावर असतो. मित्रांनो, माझ्या काचेला बोट लावू नका, मऊ फडक्याने पुसा, काम झालं की झाकून ठेवा. आणि कुणालाही जुनं म्हणून टाकण्याआधी त्याच्यासमोर एकदा काहीतरी जिवंत ठेवून पाहा.

फुलदाणीवर सरांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली आहे, 'पाणी बदलू नये.' शांताराम हल्ली फुलदाणी रोज पुसतो, फक्त बाहेरून.