चुलीच्या पोटातले अकरा दिवस

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे, पण आयुष्यात मी एकही खिळा ठोकलेला नाही. माझं काम वेगळं होतं. मी झाडांवर ठसा मारत असे. मी ज्या झाडाला लागलो ते झाड तुटलं, असं समजायचं.

माझा जन्म आदिलाबादला जंगल खात्याच्या लोहारखान्यात झाला. तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझ्या एका बाजूला धार होती आणि दुसऱ्या बाजूला सरकारी ठसा. धारेने झाडाची साल काढायची, मग उघड्या लाकडावर ठशाची बाजू जोरात हाणायची. एक ठसा छातीच्या उंचीवर, एक बुंध्याशी. झाड तुटून गेलं तरी बुंध्याचा ठसा मागे राहतो आणि तोड परवानगीची होती की चोरीची, ते त्यावरून कळतं. मला धामणीच्या लाकडाचा दांडा होता, गुळगुळीत आणि चिवट.

बाजारहत्नूरच्या बाजूला एका डोंगराच्या पायथ्याशी धोंडीबा नावाचा चौकीदार होता. मला त्याच्या हवाली केलं गेलं. मी कातडी पिशवीत, त्याच्या घरातल्या खुंटीवर राहू लागलो. धोंडीबा सरळ माणूस होता. ठसा मारण्याआधी तो झाडावर तळहात ठेवी, क्षणभर थांबे आणि मग मारी. जंगल खात्याचे अधिकारी अमीनसाहेब तपासणीला आले की म्हणत, "ठसा मारावा तर धोंडीबानं." ते ऐकून मला फार मोठेपणा वाटे. आता त्या मोठेपणाची लाज वाटते. बारा वर्षांत मी किती साग पाडले, त्याची मोजदाद मला नाही.

एका जागी मात्र मी कधी गेलो नव्हतो. ती म्हणजे काळी दरी. आमच्या गावाहून डोंगर चढून दीड दिवसाची वाट. तिथे बैलगाडी जात नसे, म्हणून तोडही होत नसे. चार माणसांच्या कवेत न येणारे साग तिथे उभे होते आणि वैशाखातही एक झरा वाहत होता. तोच पुढे आमच्या गावाचा ओढा होई. वरच्या पाड्यावरचे गोंड लोक मधापुरते तिथे जात आणि परत येत. बाकी अस्वलं, सांबरं आणि वारा.

धोंडीबाची बायको मनकर्णा एकदा हरवलेली म्हैस शोधत त्या दरीत गेली होती. म्हैस सापडली, तरी ती झऱ्याकाठी बराच वेळ बसून राहिली. धोंडीबाने विचारलं, "येवढा येळ काऊन लागला?" ती म्हणाली, "बसली होती जी. तिथं मले कोनी काई मागतलं नाई."

मग पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. अमीनसाहेब निघून गेले. नवे रेंजर दिवाळीनंतर येतील, जुने हातोडे त्यांच्याकडे जमा करा, असा हुकूम आला. तोपर्यंत मी खुंटीवरच होतो.

त्याच आठवड्यात महिपत गुत्तेदार आमच्या दारी आला. गुत्तेदार म्हणजे लाकूडतोडीचा ठेका घेणारा. त्याच्याजवळ जुन्या सरकारचा एक कागद होता. 'सरकारी ठसा असलेली पाचशे झाडे महिपत यास दिली' एवढंच त्यात लिहिलं होतं. झाडं कुठली, ते लिहायचं राहून गेलं होतं.

"आता काळ्या दरीपावतर सडक करता येते," तो म्हणाला. "तू फक्त ठसे मारून दे. रेंजर आला का म्हनायचं, अमीनच्या टायमाले मारले."

"पन ते खोटं होईन ना, मालक."

"धोंडीबा, जुन्या सरकारचे नोकर कमी करून राह्यले. यादी माह्या भाच्याच्या हातात हाय. तुव्हं नाव ठेवू का काढू, तेवढं सांग."

धोंडीबाने खुंटीवरच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाला, "परवा जाऊ."

मित्रांनो, मी खुंटीवरून हे ऐकत होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण माझं तोंड फक्त झाडांवर उमटत होतं.

गुत्तेदार गेल्यावर मनकर्णा भाकरी थापता थापता म्हणाली, "ते दरी कोनाची हाय?"

"सरकारची."

"कोनत्या सरकारची? एक गेलं, दुसरं अजून आलं नाई. मधातले हे दिवस तिले वालीच नाई. म्हनून तो घाई करून राह्यला."

"मंग मी काय करू? नोकरी गेली तं खायचं काय?"

तिने भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडीबा फेरीवर गेला. मनकर्णाने मला खुंटीवरून काढलं. दगडावर आपटून माझा दांडा मोकळा केला. मग तिने जुनी चूल फोडली आणि पिवळी माती, शेण, भुसा कालवून नवी चूल घालायला घेतली. दिवाळी जवळ आली होती, घरोघरी नव्या चुली घालणं चालूच होतं. चुलीच्या मागच्या जाड भिंतीत तिने मला बसवलं आणि वरून माती लिंपली. मला अंधार आणि ओल एवढंच जाणवत होतं. संध्याकाळी तिने त्यात हलका जाळ केला, म्हणजे माती लवकर सुकावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुत्तेदार दोन गडी घेऊन आला. धोंडीबाने पिशवी काढली, तर ती रिकामी. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो खोटा घाबरलेला नव्हता. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं. मनकर्णाने त्याला मुद्दामच सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या तोंडावर सगळं दिसे.

गड्यांनी घर उलथंपालथं केलं. ज्वारीची कणगी रिकामी केली, छपराचं गवत उपसलं, न्हाणीतला दगड उचलला. मनकर्णा चुलीसमोर बसून गुळाचा चहा करत होती. एका गड्याने काठी चुलीकडे केली.

"मालक, हे चूल ताजी दिसून राह्यली."

"हट, भोकन्या!" गुत्तेदार त्याच्यावरच ओरडला. "पेटल्या चुलीले हात लावते का कोनी? माह्या घरीबी लेकरंबाळं हायेत."

परक्याची पेटती चूल मोडायची नाही, एवढा धाक त्या माणसालाही होता. उलट तो तिथेच टेकला आणि मनकर्णाने दिलेला चहा प्यायला.

"चहा मस्त झाला, वयनी."

"लाकूड चांगलं होतं, भाऊजी," ती म्हणाली.

मित्रांनो, ते लाकूड म्हणजे माझा दांडा होता.

खोटा ठसा बनवून गुत्तेदाराचं भागणार नव्हतं, कारण रेंजर प्रत्येक ठसा हातोड्याशी ताडून बघणार होते. म्हणून तो रोज यायचा, धोंडीबाला शिव्या देऊन जायचा. धोंडीबाला घास गिळवेना. हातोडा हरवणं म्हणजे तुरुंग. मनकर्णा त्याच्या ताटात ऊन भाकरी वाढायची आणि म्हणायची, "खा. सापडन." त्या भाकऱ्या माझ्या अंगाच्या आचेवर भाजल्या जात होत्या. मी रोज तापायचो, रोज निवायचो. लोखंडाला जाळाची भीती नसते असं लोक म्हणतात. मला होती. आपण वितळून जाऊ असं वाटायचं. पण दरीत काय चाललं असेल ते मनात आलं की धीर यायचा. तिथे कुणी ठसा मारत नव्हतं. मी इथे होतो ना!

अकराव्या दिवशी नवे रेंजर लक्ष्मणराव आले. गुत्तेदार त्यांच्या आधीच अंगणात हजर होता.

"साहेब, या चौकीदारानं हातोडा इकला. माह्ये झाडं बुडवायले पाहून राह्यला."

"हातोडा कुठे आहे?" रेंजरांनी विचारलं.

धोंडीबा हात जोडून उभा राहिला.

मनकर्णा उठली. तिने चुलीतली लाकडं ओढून बाहेर टाकली, चुलीला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि मुसळ उचललं.

"अहो बाई, हे काय करता?" रेंजर दचकून पुढे आले.

"साहेब, बसा जराक," ती म्हणाली. "हातोडा गरम हाय."

दोन घावांत भिंत फुटली. मी उजेडात पडलो. तिने चिमट्याने मला उचलून पाण्यात टाकलं तेव्हा मोठा चर्र आवाज झाला. इतकं सुख मला आधी कधी झालं नव्हतं.

रेंजरांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. मग मला बरोबर घेऊन ते धोंडीबासोबत डोंगर चढले. काळी दरी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. संबंध दिवस ते झाडामागून झाड बघत फिरले. एकाही झाडावर ठसा नव्हता. खाली आल्यावर त्यांनी गुत्तेदाराच्या कागदावर तिथल्या तिथे लिहिलं, 'ठसा नाही, झाड नाही.' पुढच्या साली नवा नकाशा निघाला. त्यात दरी राखीव झाली. छप्पन्न साली राज्यांच्या सीमा बदलल्या, किती गावं इकडची तिकडे गेली, कचेरीतली भाषा बदलली. दरीला मात्र कुणी हात लावला नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर धोंडीबा बायकोला म्हणाला, "मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी ठसे मारले असते का नाई?"

खोटं त्याला येतच नव्हतं. "मारले असते," तो म्हणाला आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. दोन्ही हातांनी तोंड पुसत किती वेळ हसत होता.

जुने हातोडे रद्द झाले. रेंजरांनी कानशीने माझा ठसा घासून टाकला आणि मला मनकर्णाला देऊन टाकलं. "तुमची चूल मोडावी लागली, त्याबद्दल," ते म्हणाले. पुढे कित्येक वर्षं मी तिच्या स्वयंपाकघरात खडेमीठ फोडलं. झाडं पाडण्यापेक्षा ते काम मला आवडलं.

मग एके वर्षी मनकर्णा तापाने गेली. तिच्यानंतर धोंडीबाने मला हातात घेतलं नाही. मीठही तो दळलेलं आणू लागला. मी डब्यांमागे गंजत पडलो. मला त्याचा राग आला नाही. मला पाहिलं की त्याला चूल दिसत होती.

एक्क्याण्णव साली त्याची नात कुमुदिनी सुटीत आली. ती आदिलाबादला शिक्षिका आहे. तिने घर आवरताना मला काढलं, रॉकेलने गंज घासला आणि आजोबांच्या खाटेजवळ ठेवलं. मग ती त्यांना पेपर वाचून दाखवू लागली. त्यात आलं होतं, पृथ्वीच्या खालच्या टोकाला एक बर्फाचा प्रदेश आहे. तिथे कुणाचं गाव नाही. पोटात खनिजं असतील, पण तिथे खाणी खोदायच्या नाहीत असं पुष्कळ देशांनी मिळून ठरवलं आहे.

"तिथं कोनाचं राज्य हाय?" धोंडीबाने विचारलं.

"कुनाचंच नाही, आजोबा."

मग त्याने मला उचललं आणि धोतराच्या सोग्याने पुसलं.

"मंग तिथं हातोडा कोनं लपवला असन?"

कुमुदिनी हसली, आणि त्याच्याकडे बघून थांबली.

"असन कोनी मनकर्णा," तो म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याच्या उशाशी राहू लागलो.

मित्रांनो, तुमच्याही गावाजवळ अशी एखादी जागा असेल, जिथे कुणी कुणाला काही मागत नाही. तिच्याजवळ तुम्हीही काही मागू नका. आणि कुणी मागायला आलाच, तर त्याला बसवा, चहा पाजा, पण चुलीसमोरून उठू नका.