उजवीकडचा गिटारवाला

त्याला सगळे कार्बन म्हणत, कार्बन कॉपीतला कार्बन. गिटारवाल्याला असं नाव पडणं काही कौतुकाचं नव्हे, पण ते खोटंही नव्हतं. रॉकच्या रेकॉर्डवर गिटारचा एकच तुकडा दोनदा वाजवून घेतात, एक डाव्या कानासाठी आणि एक उजव्या. दोन्ही मिळून गिटार भिंतीएवढी रुंद वाटते. डावीकडे वाजवत ते नामांकित लोक, पोस्टरवरचे. उजवीकडे कार्बन. डावा घाई करील तिथे यानेही घाई करायची, डावा अडखळेल तिथे अडखळायचं. त्यातही तीस वर्षं त्याने सगळ्यात जास्त उजवी बाजू सांभाळली ती तुफानची. तुफान म्हणजे त्या सगळ्यांचा बाप.

घरी बायको चेष्टा करायची, "अहो, आज हातात कोण पाहुणे आलेत? एकदा स्वतःचं काहीतरी वाजवा की!" तो हसण्यावारी न्यायचा. एकदा घरात कुणी नसताना मात्र त्याने खरंच बसून पाहिलं. बोटांतून एकामागून एक दुसऱ्यांचीच गाणी निघाली. आपलं म्हणावं असं दोन सूरही नाहीत. त्या दिवसापासून त्याने घरात गिटार काढली नाही. भीती वाटायची, दुसरं काय.

तुफान गेला आणि महिन्याभराने स्टुडिओतून बोलावणं आलं. शेवटच्या गाण्यातला गिटारचा तुकडा अर्धवट राहिला होता. आठ आवर्तनं वाजवून तुफान थांबला होता, पुढची आठ रिकामी.

"काका, नेहमीसारखं उजवीकडून त्यांच्याबरोबर सुरू करा आणि ते थांबले की तसंच पुढे न्या," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "दुपारी त्यांच्या घरून वहिनी ऐकायला येतायत. त्यांनी हो म्हटलं तरच गाणं बाहेर जाईल. आणि हो, ते अर्धवट आहे हे त्यांना ठाऊक नाही. उगाच जखमेवर मीठ कशाला?"

कार्बनने हेडफोन चढवले. डाव्या कानात मेलेला माणूस श्वास घेत होता. बाहीचं बटण गिटारच्या लाकडावर टकटक आपटत होतं, पूर्वी आपटायचं तसंच. आठ आवर्तनं दोघं जोडीने चालले. मग डावा कान गप्प झाला, आणि कार्बनची बोटं जागच्या जागी थांबली. दुसऱ्यांदाही तेच. पाचव्यांदा तर त्याच्या कपाळावर घाम आला. तुफानची प्रत्येक खोड त्याला तोंडपाठ होती, पण तुफानने जे वाजवलंच नाही त्याची नक्कल करणार कशी?

"डावा बंद कर," तो शेवटी म्हणाला. "नुसता ड्रम ठेव."

आणि त्याने डोळे मिटून वाजवलं. खालच्या तारांवर, संथ, कुणाला काही दाखवायची घाई नाही. एक सूर तर त्याने इतका वेळ धरून ठेवला की रेकॉर्डिस्टने मान वर करून पाहिलं. वाजवणं संपलं. हे दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. हे त्याचं होतं, साठीला टेकल्यावर का होईना! घरी जाऊन बायकोला कधी एकदा सांगतोय असं त्याला झालं.

"आधीची आठ त्यांची एकट्याची ठेवतो," रेकॉर्डिस्ट म्हणाला, "आणि नंतरची तुमची एकट्याची. जोड छान बसलीय."

दुपारी वहिनी आल्या. दोन स्पीकरांच्या मधल्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. पहिली आठ आवर्तनं त्यांनी पाहुण्यासारखी ऐकली. नंतरची सुरू झाली आणि त्यांचा चेहराच बदलला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंसुद्धा नाही.

"हे आले," त्या म्हणाल्या. "घरी ते कधी वाजवायचे नाहीत, भावजी. मी आपली रेकॉर्डच ऐकायची. पण हा हात मी झोपेतही ओळखेन."

कार्बनने रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. रेकॉर्डिस्टने नजर बटणांकडे वळवली.

"पहिलं मात्र कुणी वाजवलंय? तुम्ही का?" वहिनींनी विचारलं. "राग मानू नका हं. छानच आहे, पण हात परका वाटतो."

तीस वर्षं रेकॉर्डवर दोघांचे हात एकात एक मिसळलेले होते. त्यातला एकटा तुफान आज त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता, आणि तो त्यांना परका वाटला होता. मग त्यांनी इतकी वर्षं जीव लावला तो कुणाच्या हाताला? खरं सांगितलं असतं तर कार्बनला त्याचं वाजवणं मिळालं असतं. आणि या बाईंकडे उरला असता एक अनोळखी मेलेला माणूस.

"हो वहिनी," तो म्हणाला, "पहिलं माझं. नंतरचं सगळं त्याचं."