आधी जेव, मग बोलू

चन्नव्वांचा नेम साऱ्या गल्लीला ठाऊक होता. सकाळी इष्टलिंगाची पूजा, मग घरातल्या जुन्या संगणकाचा प्रश्न. त्यावाचून अन्नग्रहण नाही. त्यांचे दिवंगत चिरंजीव प्रशांतकुमार शिक्षणासाठी भालकी सोडताना आईकरिता एक प्रोग्राम कॅसेटवर ठेवून गेले होते. जोडलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट फिरली की पडद्यावर रोमन अक्षरांत उमटे, ‘अव्वा, जेवलीस?’ ती लिपी चन्नव्वांना येत नसे. केवळ ओळीच्या आकृतीवरून त्या ती ओळखत. ठरलेली कळ दाबली की उत्तर येई, ‘आधी जेव, मग बोलू.’ प्रोग्राम तेथेच संपे. त्या यंत्र बंद करून जेवायला बसत.

त्या दिवशी यंत्र उजळलेच नाही. शेजारधर्म म्हणून मी वीरण्णांना बोलावले. एकेकाळी ते हा संगणक बनवणाऱ्या कंपनीचे दुरुस्तीकार होते.

“कंपनी कवाच बुडाली म्हणं. तुम्ही अजून कामून फिरायलाव?” चन्नव्वांनी विचारले.

“मला कुणी कळवलंच न्हाई, अव्वा.”

त्यांनी कंपनीचे अखेरचे यंत्र आणले होते. जुन्याची निर्मिती थांबली तरी ते घेणारे पोरके होऊ नयेत, म्हणून कंपनीने नव्याच्या अंगी जुन्याचा स्वभाव घातला होता. चालू करताना एक कळ दाबून धरली की नवे यंत्र स्वतःला विसरे. परकायाप्रवेश हा शब्द मी जन्मभर विद्यार्थ्यांना समजावला. पाहत मात्र प्रथमच होतो.

तोच जुना निळा उजेड पसरला. परंतु टेपरेकॉर्डरची पीन नव्या यंत्रात बसेना. स्वभाव राखला होता. खाच बदलली होती.

“उद्या बिदरहून दुसरी पीन आणतो. आज दोन घास खावा.”

“मग उद्याच जेवीन की.”

“शुगर हाय तुम्हाला, अव्वा. चक्कर येईल.”

“येऊ द्या. तुमच्या कंपनीला आली न्हाई का?”

वीरण्णा हसले, आणि हसता हसता थांबले. पडद्यावर ती ओळ उमटली होती. टेपरेकॉर्डरची तार त्यांच्या हातात लोंबत होती. कॅसेट चन्नव्वांच्या ओटीत होती.

चन्नव्वांनी शांतपणे कळ दाबली. उत्तर आले. त्या आत गेल्या, भाकरी संपवली, हात धुऊन परतल्या. आज त्यांनी यंत्र बंद केले नाही. पाट जवळ ओढून त्या बसल्या.

“जेवले रे, बाळा. बोल आता.”

ओळीखाली पांढरा चौकोन लुकलुकत राहिला.

यंत्र बंद करायला वीरण्णांचा हात बटणाकडे गेला. मी तो धरला.