काळा रुमाल

टाचणी दातांत धरली की जिभेला लोखंडाची चव येते — ती चव घोळवत आबेलोने खिडकीपाशी स्टुलावर बसली होती आणि तिची नणंद सिसेल मागून डोईचा रुमाल ओढून बसवत होती. कोपनहेगनहून आलेली तेआ बेटावरच्या बायकांचे जुन्या शिरोवस्त्रांतले फोटो काढत होती. तोंड भिंतीकडे, पाठ कॅमेऱ्याकडे. म्हातारीचा चेहराच नको म्हणणारी ही पहिलीच भेटली, आणि आबेलोनेला ते बरंच वाटलं होतं.

सिसेलचे हात थांबले.

"वहिनी, हा काळा आहे."

आबेलोनेने टाचणी काढली. "दिसतंय मला."

"अगं, दुखवट्याचा रुमाल! माझा भाऊ जिवंत आहे अजून. सवाष्णीचा लाल कुठाय?"

"पिशवीत."

जिवंत... हो, जिवंत आहे. लॉरिट्स वृद्धाश्रमात बसलेला असतो, व्यवस्थित जेवतो, आणि दोन वर्षं झाली, तिला 'नमस्कार, बाई' म्हणतो — इतक्या अदबीने, की त्यापेक्षा शिवी परवडली. काल ती बांधायचा सराव म्हणून हा रुमाल डोक्याला तसाच ठेवून त्याच्याकडे गेली... सराव? खोटं कशाला, लाल आधी हाताला लागला होता, तो तिनेच बाजूला ठेवला होता. त्याने वर पाहिलं. चेहरा ओळखला नाही, पण रुमाल ओळखला. त्याच्या आईने वर्षानुवर्षं तोच बांधला होता.

"घरातलं कोण गेलं, बाई?"

"नवरा." तोंडातून निघूनच गेलं.

तर त्याने आपला कप तिच्यापुढे सरकवला. "कॉफी घ्या. पोटात काही नसलं की जास्त रडू येतं. चांगला होता का?"

"फार."

"मग रडा की. मी आहे इथे."

आणि ती रडली, दोन वर्षांचं सगळं रडली, आणि तो तिच्या हातावरून अंगठा फिरवत राहिला — मनगटाकडून बोटांकडे, लग्नाआधी धक्क्यावर बसून फिरवायचा अगदी तसाच. इतकं सुख तिला कित्येक दिवसांत झालं नव्हतं. घरी येताना त्या सुखाची लाजही वाटली.

"काळाही चालेल," तेआ हळूच म्हणाली. "तुम्ही ठरवा."

"तुला काय चालायचंय! जिवंत माणसाला गाडायला निघालीये ही." सिसेलचा आवाज फाटला.

आबेलोनेला राग आला नाही, तिची दयाच आली. भाऊ तो हिचाही... पण हिला सांगायचं तरी काय? गाठ सोडायला तिने हात वर नेला आणि तो तिथेच राहिला. लाल बांधून गेलं की 'नमस्कार, बाई'. नवऱ्याने जवळ घ्यायला हवं असेल, तर आधी त्याला मारावं लागणार होतं — आणि आज दुपारी आपण त्याला पुन्हा मारणार आहोत, हे तिला आत्ता, भिंतीकडे तोंड करून बसल्यावर, लख्ख कळलं.