माफीची कॉफी नेणारा टेम्पो

मित्रांनो, मी एक जुना टेम्पो आहे. साधासुधा नव्हे, कॉफीचा टेम्पो. कोरियात सोल शहराच्या आसपास जिथे जिथे मालिकांचं शूटिंग चालतं तिथे मी जातो, माझी बाजूची खिडकी उघडली जाते आणि दिवसभर गरम-गार कॉफी वाटली जाते. माझ्या कपाळावर बॅनर असतो. आमच्याकडे ही रीतच आहे. एखाद्या नटाचं शूटिंग सुरू असलं की त्याचे चाहते नाहीतर दोस्तमंडळी त्याच्या नावाने माझ्यासारखा टेम्पो पाठवतात. कॉफी सगळ्यांना फुकट, आणि बॅनरवर त्या नटाचा हसरा फोटो व थट्टेची एखादी ओळ. माझ्या कपाळावर कोणाकोणाचे चेहरे झळकले ते सांगत बसलो तर तुमची शाळा बुडेल.

तसा जन्मापासून मी काही एवढा मानाचा नव्हतो. आधी मी निळा होतो आणि डोंगरातल्या शेतांवरून कोबीचे गड्डे वाहायचो. चोंगपिलने मला विकत घेतलं तेव्हा माझ्या अंगाला पाल्याचा वास मारायचा. त्याने माझी कूस कापून खिडकी काढली. दुखलं, नाही म्हणत नाही. पण मग त्याच्या बायकोने, मिजाने, मला लोण्यासारखा पिवळसर रंग दिला, कॉफीचं यंत्र बसवलं, आणि मी आरशासमोर उभ्या नवरीसारखा स्वतःवरच खूश झालो.

मा हेरिन नावाची नटी मला पहिल्यांदा दिसली ती एका ऐतिहासिक मालिकेच्या शूटिंगला. राणीच्या मागून डोक्यावर घागर घेऊन चालत जायचं, एवढंच तिचं काम. गर्दीतली माणसं खिडकीशी सगळ्यात शेवटी येतात. हीसुद्धा शेवटी आली. बाहेर बर्फ साचला होता.

"नाक बघ किती लाल झालंय पोरी. गरम घे," मिजा म्हणाली.

"नको काकू, गारच द्या, बर्फ घालून. गरम प्यायले की झोप येते, आणि झोपले तर घागर पडेल!"

आम्हाला ती फार आवडली. पुढे ती संध्याकाळच्या मालिकेत दुष्ट सून झाली आणि घराघरात पोचली. एकदा आम्ही बाजारात उभे असताना एका आजीने तिला कांद्याच्या पातीच्या जुडीने पाठीत मारलं होतं. "अगं मेले, सासूचं औषध लपवतेस? लाज नाही वाटत?" हेरिनने कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "चुकलं आजी. उद्याच्या भागात परत देते." आजी हसून हसून खाली बसली. त्या वर्षी माझ्या कपाळावर सारखी तीच असायची. चाहत्यांनी लिहून आणलं होतं, "आमच्या सूनबाईला पोटभर पाजा, नाहीतर सासूचं काही खरं नाही!"

तिचा मेकअप करणाऱ्या बाईंचं नाव सुनबोक. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, कमरेला ब्रशांची पिशवी. हेरिन त्यांना ताई म्हणायची. सात वर्षं रोज सकाळी, मी असो की दुसरा कुठला टेम्पो, हेरिनची कॉफी सुनबोकताईच घेऊन जायच्या.

आता जे सांगायचं ते सांगताना माझं इंजिन जड होतं. हेरिनचं नाव मोठं झालं तशी तिची झोप कमी झाली आणि आवाज चढला. मिजाकडे बघून हसायचंसुद्धा ती विसरायला लागली. एका थंडीतल्या सकाळी तिचा घसा बसला होता, म्हणून सुनबोकताईंनी माझ्या खिडकीतून तिच्यासाठी मुद्दाम गरम कॉफी घेतली. हेरिनने एक घोट घेतला आणि पेला फेकला. सुनबोकताईंच्या अंगावर फेकला. त्यांचा उजवा हात भाजला.

"कितीदा सांगायचं मला गार लागते म्हणून? सात वर्षं झाली, एवढंसुद्धा लक्षात राहत नाही तुमच्या?"

मिजा गार पाणी घेऊन धावली. तोवर गर्दीतल्या कुणीतरी फोनवर सगळं टिपलं होतं.

संध्याकाळपर्यंत ते चित्रण देशभर फिरलं. लोक चिडले, आणि चिडायला कारण होतं. पण मग लोकांनी खऱ्या गोष्टीत मनसोक्त पाणी घातलं. कुणी म्हणालं ती शाळेत मुलींना मारायची, कुणी म्हणालं तिने सख्ख्या आईला घराबाहेर काढलं. तिची आई मासळीबाजारात कालवं सोलायची आणि लेकीकडेच राहायची. तिला म्हणे लोक घरी फोन करून विचारायचे, तुम्ही जिवंत आहात का? जाहिराती उतरल्या. मालिकेतल्या सूनबाईला एका भागात अचानक परदेशी धाडण्यात आलं. हेरिनने काळे कपडे घालून कॅमेऱ्यांसमोर मान झुकवून माफी मागितली आणि ती घरात बसली. दोन वर्षं तिला कुणी पडद्यावर पाहिलं नाही.

त्या चित्रणात मीही होतो, मित्रांनो. मागे उभा, पिवळसर, ठळक. लोक मला ओळखू लागले आणि माझी कामं बंद झाली. चोंगपिलने माझ्यात साचे बसवले आणि एका पुलाखाली आम्ही माशाच्या आकाराच्या, आत गोड डाळ भरलेल्या गरम पोळ्या विकू लागलो. पोटापुरतं भागायचं. पण कपाळ मोकळं होतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं.

मग एके दिवशी हेरिनचा मॅनेजर बांग आला. एका नव्या मालिकेत तिला मोठी भूमिका मिळत होती. मात्र निर्माता अडून बसला होता. ते प्रकरण मिटलं असं लोकांना दिसलं पाहिजे, तरच काम. बांगने डोकं लढवलं. सुनबोकताई आता पाजू नावाच्या जवळच्या शहरात दुसऱ्या एका मालिकेवर काम करत होत्या. तिथे माफीचा टेम्पो पाठवायचा, आणि तोही तोच टेम्पो. सुनबोकताईंनी हसून कॉफी घेतली की फोटो काढायचा. संपलं.

"मला नाही बरं वाटत हे," मिजा म्हणाली.

"मलाही नाही. पण ती पोरगी परत उभी राहणार असेल तर?" चोंगपिल म्हणाला. आणि आम्ही गेलो.

माझ्या कपाळावर हेरिनचा मान झुकवलेला फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत, "सुनबोकताई, मला माफ करा." मी सकाळी जाऊन उभा राहिलो. फुकट कॉफी म्हटलं की शूटिंगची माणसं कशी धावत येतात ते मी जन्मभर पाहिलंय. त्या दिवशी माणसं यायची, बॅनर वाचायची आणि खिशात हात घालून परत जायची. दुपार झाली तरी पेल्यांचे मनोरे तसेच. एवढी लाज मला कोबी वाहतानाही कधी वाटली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत सुनबोकताई बाहेर आल्या. समोरच्या मोटारीतून हेरिन उतरली. ती वाळली होती. मिजाने दिलेला पेला दोन्ही हातांत धरून ती पुढे झाली आणि पार कमरेपर्यंत वाकली. बांगच्या माणसाने कॅमेरा डोळ्याला लावला.

"ताई, घ्या ना. तुमच्यासाठी आणलीय."

"माझ्यासाठी?" सुनबोकताईंनी पेल्याकडे पाहिलं. "मी कॉफी पीत नाही, हेरिन."

"म्हणजे... आज नको?"

"कधीच पीत नाही. पोटात आग पडते माझ्या. सात वर्षं रोज तुझी कॉफी आणली मी. माझ्या हातात कधी दुसरा पेला बघितलास का?"

हेरिनचे हात तसेच पुढे राहिले.

"आणि हे काय टांगलंयस?" सुनबोकताईंनी माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं. त्या हातावरचा डाग अजून होता. "आता मी पेला घेतला तर उद्या सगळीकडे छापून येणार, माफ केलं. नाही घेतला तर म्हणणार, केवढी दगडाच्या काळजाची बाई. तू माफी मागायला आलीस की मला कोंडीत पकडायला?"

बांग मध्ये पडला. "ताई, तुम्ही पिऊ नका हो, नुसता हातात धरा. एक सेकंद."

"त्यांना काही सांगू नका," हेरिन म्हणाली. "कॅमेरा खाली ठेवा."

"अगं, वेडी झालीस का? निर्माता संध्याकाळी फोटोची वाट बघणार आहे. भूमिका जाईल!"

"जाऊ दे. खाली ठेवा म्हटलं ना!"

ती माझ्या बंपरवर चढली आणि स्वतःच्या हातांनी बॅनरच्या गाठी सोडू लागली. चोंगपिलच्या गाठी भारी पक्क्या असतात. तिचं नख तुटलं, रक्त आलं, पण तिने कुणाला हात लावू दिला नाही. बॅनर खाली आला तसं मला हायसं वाटलं. तिने तो उलटा घडी करून चाकामागे टाकला आणि सुनबोकताईंसमोर येऊन उभी राहिली.

"मी तुमच्यावर कॉफी फेकली, ताई. आणि वर तुम्हालाच म्हणाले की माझी आवड तुमच्या लक्षात राहत नाही." तिने तुटलेलं नख मुठीत झाकलं. "मला तुमची एकही आवड माहीत नाही. काय घेता तुम्ही?"

सुनबोकताईंनी कमरेची ब्रशांची पिशवी सारखी केली. मला वाटलं, आता या वळून निघून जाणार. तसं केलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

"युजाचा चहा," त्या शेवटी म्हणाल्या.

युजा म्हणजे आमच्याकडचं लिंबाच्या जातीचं फळ. मिजा त्याचा मुरंबा स्वतःसाठी एका बरणीत ठेवते. हेरिन धडपडत माझ्या पोटात शिरली. "चमचा तिकडे नाही गं, डावीकडे! अगं, हात भाजेल, फडकं घे!" मिजा ओरडत होती. हेरिनने मुरंबा घातला, पाणी ओतलं, ढवळलं आणि तो पेला खिडकीतून बाहेर दिला. या वेळी कुणी वाकलं नाही आणि फोटोही कुणी काढला नाही.

सुनबोकताईंनी दोन घोट घेतले. तोंड वाकडं केलं.

"फार गोड झालाय," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी कमी घाल."

आणि पेला हातात घेऊनच त्या कामाला निघून गेल्या.

पुढच्या वेळी! मी नीट ऐकलं, मित्रांनो. हेरिन माझ्या पोटात खाली बसून ढसाढसा रडली. हळूहळू एकेक माणूस खिडकीशी यायला लागला आणि चारच्या आत पेले संपले.

ती भूमिका अर्थातच दुसरीला मिळाली. हेरिन सध्या सकाळच्या एका मालिकेत टोफू विकणाऱ्या बाईचं लहानसं काम करते. सुनबोकताई तिचा मेकअप करत नाहीत, पण त्या दोघी अधूनमधून माझ्या खिडकीशी उभ्या दिसतात, आणि चहात गोड किती घालायचं यावरून अजून वाद घालतात.

आता माझं वय झालंय. धूर करणाऱ्या जुन्या गाड्यांना थंडीत शहरात येऊ देत नाहीत, आणि माझा धूर काही लपत नाही. खरं तर मला भंगारात काढू नका, अशी विनवणी करण्याची ही वेळ. पण तेवढ्यासाठी मी तोंड उघडलेलं नाही. माझं मागणं वेगळंच आहे. जो माणूस रोज तुमच्यासाठी काहीतरी घेऊन येतो, त्याला एकदा विचारा, तुम्ही काय घेता? हेरिनला ते विचारायला नऊ वर्षं आणि एक टेम्पोभर कॉफी लागली. तुम्ही आज संध्याकाळीच विचारा.