ओटीतला नारळ

फेलिपाबाईंचं पत्र श्यामकांतांनी इतक्यांदा उघडून वाचलं होतं, की घडीवर कागद विरत चालला होता. उत्तर मात्र एका ओळीचंही गेलं नव्हतं. बाईंच्या भाचीने ते सोप्या इंग्रजीत लिहून दिलं होतं. 'फोनवर दोनदा विचारलं, सुहासिनीबाईंकडून काही आलं नाही, म्हणून पत्र. त्यांनी दिलेल्या नारळाला कोंब फुटलाय. बादलीत लावलाय. ऑक्टोबरात वादळं झाली तेव्हा उचलून घरात आणला. आमच्या घरची रीत अशी, की ज्याचं बी, त्याच्याच हाताने ते जमिनीत जावं. त्या कधी येतात?'

सुहासिनीबाई एप्रिलातच गेल्या होत्या.

आता फेब्रुवारी होता. नेदरलँड्समधल्या कापेलच्या कालव्यांवर बर्फ धरलं होतं, दुकानं बंद होती, आणि मुलीच्या घरातल्या वरच्या खोलीत श्यामकांत खिडकीशी बसून असायचे. वर्षापूर्वी याच दिवसांत, महामारी अजून बातमीत कुठेतरी लांब होती तेव्हा, लेकीने आणि जावयाने दोघांना मेक्सिकोच्या किनाऱ्यावर पाठवलं होतं. श्यामकांतांचं सगळं आयुष्य पुण्यातल्या एका ग्रंथालयात गेलं होतं, आणि तिथल्या प्राचीन माया लोकांवर मिळेल ते त्यांनी वाचलं होतं. तुलुमला कड्यावरचं ते करड्या दगडाचं देऊळ आणि खाली हिरवानिळा समुद्र पाहून त्यांचे डोळे भरून आले. मग ते तासभर बायकोला राजांच्या वंशावळी सांगत राहिले.

"अहो, तुमचे ते राजे मेले सगळे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आपण जिच्या घरी उतरलोय ती बाई जिवंत आहे. तिच्याशी बोला की दोन शब्द!"

पण परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की श्यामकांतांची जीभ टाळ्याला चिकटायची. बोलल्या त्या सुहासिनीबाईच. भाषा नव्हती, तरी मक्याचं पीठ वाटायच्या दगडाशी त्या आणि फेलिपाबाई मांडीला मांडी लावून बसल्या. निघायच्या दिवशी बाईसाहेबांनी बॅगेच्या तळातून खण काढला.

"मेक्सिकोत खण आणलास?"

"असू द्यावा. कुठे लागेल सांगता येतं का?"

नारळ किनाऱ्यावर पडलेला, सोडणासकट, भलामोठा. तांदूळ दुकानातून आणले. श्यामकांत कुजबुजले, "अगं, त्यांचे यजमान नाहीत. त्यांना चालेल का, नाही का..."

"न चालायला काय झालं? तिच्या घरून निघताना तिची ओटी रिकामी ठेवू?"

फेलिपाबाईंना पदर नव्हता. त्यांनी आपल्या पांढऱ्या, भरतकामाच्या झग्याचा घोळ दोन्ही हातांनी पुढे धरला, आणि नारळाच्या वजनाने खाली वाकत खळखळून हसल्या.

ते हसू श्यामकांतांना आता सहन होत नव्हतं. किती मसुदे फाडले! 'कळवण्यास दुःख होते' हे वाक्य त्यांना कचेरीतलं वाटायचं, दुसरं नाटकी वाटायचं. आणि खरं सांगायचं तर वाक्याचा प्रश्नच नव्हता. दवाखान्यात आत सोडत नव्हते, नर्सने व्हिडिओ कॉल लावून फोन समोर धरला होता, सुहासिनीबाईंच्या तोंडावर नळ्या होत्या, आणि आयुष्यभर पुस्तकं वाचलेल्या या माणसाला एवढंच सुचलं होतं, "जेवलीस का?" त्याच्यावर आता कुठलं वाक्य लिहायचं?

त्या सकाळी मंजूषा वर आली ती आईचा फोन हातात घेऊन. सानिकाला आजीचे फोटो हवे होते, म्हणून तिने तो कपाटातून काढून चार्जिंगला लावला होता.

"बाबा, हे बघा. परवाच आलंय."

फोटोत बादली होती, तडकलेली. भेगेतून मुळं बाहेर आली होती. वरची पानं कडेने पिवळी पडली होती. खाली एकच प्रश्न होता: 'केव्हा?'

श्यामकांत फोनवर वाकले. "मरतंय गं ते."

"मग लिहा ना."

"तूच सांगून टाक ना. फोनवर. दोन ओळी."

मंजूषा पलंगाच्या कडेवर बसली. "नाही बाबा. मावशीला मी सांगितलं. काकांना मी सांगितलं. बँकेला, गॅसवाल्याला, आईच्या भिशीला, सगळ्यांना मीच. सानिकाला तर डचमध्ये सांगावं लागलं. एकाला तरी तुम्ही सांगा."

ती फोन तिथेच ठेवून खाली गेली. श्यामकांतांनी तो फोटो पुन्हा उघडला. हेही आपल्याच गप्प बसण्याने जाणार. जाऊन लावून यावं म्हटलं, तर या घरातून कोपऱ्यावर जायची हिंमत होत नव्हती. समुद्र कसले ओलांडतो! आणि ज्या हातांची बाई वाट बघत होत्या, ते हात आता कुठून आणायचे?

मग त्यांना तो झग्याचा घोळ आठवला. नारळ त्यात पडला तेव्हाचा धप्प आवाज आठवला. ओटी! आपल्याकडे ओटीत घातलेला नारळ देणारीचा राहतो का कधी?

त्यांनी कोरा कागद ओढला आणि खोडाखोड न करता, सोप्या इंग्रजीत लिहिलं:

'फेलिपाबाई, सुहासिनी एप्रिलात वारली. मला तिच्याजवळ जाता आलं नाही. हे मी कुणालाच लिहिलेलं नाही, तुम्हाला पहिल्यांदा लिहितोय. तो नारळ तिचा नाही. आमच्यात ज्या बाईच्या ओटीत नारळ घातला, तिचाच तो होतो. तो त्या दिवसापासून तुमचा आहे. तुमच्याच हाताने लावा. उशीर करू नका. मी आधीच फार केलाय.'

"लिहिलं गं!" त्यांनी खाली हाक दिली.

"फोटो काढून पाठवू आत्ता?" मंजूषाने जिन्याखालून विचारलं.

"पाठव. पण कागदही जाऊ दे. बाईंनी कागद पाठवलाय."

कोट, मफलर, मास्क चढवून ते एकटेच निघाले. फूटपाथवर बर्फ कडक झालं होतं. कुंपणांना धरत धरत कोपरा गाठला. केशरी टपालपेटीला दोन फटी होत्या. एक जवळपासच्या पत्त्यांची, दुसरी उरलेल्या सगळ्या जगाची. दुसऱ्या फटीत त्यांनी पाकीट अर्धं सरकवलं, आणि बोटं सुटेनात. सोडलं की झालं. मग समुद्रापलीकडच्या त्या अंगणातही ती नसणार. आतापर्यंत तेवढ्या एका घरात सुहासिनी यायची बाकी होती.

मागे सायकल धरून एक म्हातारी डच बाई दीड मीटर अंतर राखून उभी होती. "बरे आहात ना, साहेब?" तिने तिच्या भाषेत विचारलं.

श्यामकांतांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाही कळलं नाही. "माझी बायको गेली," ते म्हणाले, मराठीतच, मोठ्याने.

बाईला शब्द कळले नसावेत. तिने डोक्यावरची लोकरी टोपी काढली.

श्यामकांतांनी बोटं उघडली. पाकीट आत पडलं.